भूतकेस : झाडांच्या सावलीतले झुडूप

आषाढ-श्रावणात आंबोलीच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूने प्रवास केलात, तर रस्त्याकडेच्या हिरव्या गर्दीत मधूनमधून पांढरी पाने दिसतात. कोणीतरी चुन्यात बुडवून काढावीत इतकी ती पांढरी असतात. गाडी थांबवून जवळ गेले की त्या पांढऱ्या पानांच्या शेजारी नारिंगी रंगाची, पाच टोकांची, चांदणीसारखी लहान फुले दिसतात. हेच भूतकेस. कोकणात काही ठिकाणी याला शेरवड म्हणतात. केरळात त्याचे नाव 'वेळ्ळिला' म्हणजे सरळसरळ 'पांढरे पान' असे आहे. सतराव्या शतकात मलबारात डच अधिकारी असलेल्या व्हान ऱ्हीड याने तिथल्या वैद्यांच्या मदतीने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात हे झुडूप याच मल्याळी नावाने आलेले आहे.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. 'भूतकेशी' या नावाने औषधांच्या दुकानात जे मिळते, ते हिमालयातल्या अगदी वेगळ्या वनस्पतींपासून आलेले असते. म्हणून शास्त्रीय नाव माहीत असावे. आपल्या झुडपाची प्रजाती मुसेंडा. जुन्या ग्रंथांत ते मुसेंडा फ्रोंडोसा या नावाखाली सापडते. सह्याद्रीतील बऱ्याच झुडपांना आता मुसेंडा ग्लाब्रेटा ही वेगळी जाती मानतात. मुसेंडाच्या शंभराहून अधिक जाती आफ्रिका, आशिया व पॅसिफिक बेटांच्या उष्ण प्रदेशांत आढळतात. कॉफी, कदंब, गेळा, अनंत आणि सिंकोना ही सगळी याच कुलातली भावंडे. समोरासमोर येणारी पाने आणि दोन देठांच्या मधोमध चिकटलेली बारीक उपपर्णे ही या कुलाची खूण. भूतकेसाची फांदी हातात आली की प्रथम तीच पाहा.

हे झुडूप शाळेच्या आवारात किंवा घरामागच्या झाडांखाली कसे वाढवावे, हा या लेखाचा विषय आहे. पण ते वाढवताना एक अडचण उभी राहते. झुडूप जोमाने वाढते, वर्षानुवर्षे फुलते आणि तरीही त्याला एकही फळ धरत नाही, असे घडू शकते. याचे कारण मातीत नसते, पाण्यात नसते आणि खतातही नसते. ते फुलात असते. त्यामुळे फुलापासूनच सुरुवात करू या.

पांढरे पान नव्हे, निदल

भूतकेसाचा एक फुलोरा घ्या. ज्याला आपण पांढरे पान म्हणतो ते कोठून निघाले आहे ते नीट पाहा. ते फांदीवरून निघालेले नाही. फुलाच्या तळाशी, हिरव्या अंडाशयाच्या माथ्यावरून निघालेले आहे. तेथे आणखी चार बारीक, सुईसारखी हिरवी टोके दिसतील. चार आणि एक मिळून पाच, म्हणजे फुलाचा निदलपुंज पूर्ण झाला. पाच निदलांपैकी चार नेहमीसारखी राहिली आणि पाचवे वाढून, देठ व शिरा धारण करून पाच ते दहा सेंटिमीटर लांबीचे झाले. गंमत अशी की फुलोऱ्यातल्या प्रत्येक फुलाला असे निदल नसते. कडेच्या काही मोजक्या फुलांनाच ते असते. बाकीच्या फुलांची पाचही निदले बारीकच राहतात.

पांढरेपणाचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. पांढऱ्या पाकळ्यांत बहुधा पांढरा रंग असा नसतोच. हरितद्रव्य नसते आणि पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. हवा आणि पेशीभित्तिका यांच्या सीमेवर प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो, म्हणून आपल्याला पांढरे दिसते. साबणाच्या फेसाचे किंवा कुटलेल्या काचेचे जे होते तेच इथे होते. मोगऱ्याची पाकळी बोटांत चुरगाळली की ती पाणचट, अर्धपारदर्शक होते, कारण पोकळ्यांतली हवा निघून तेथे पेशीरस शिरतो. हाच प्रयोग भूतकेसाच्या पांढऱ्या निदलावर करून पाहता येईल. पानातील पिष्टासाठी आपण आयोडीनची जी कसोटी शाळेत करतो, ती एका हिरव्या पानावर व एका पांढऱ्या निदलावर शेजारीशेजारी करावी. दोन्ही एकाच फांदीवरची, एकाच उन्हातली घ्यावीत.

झाडाने एवढा खर्च का करावा? जंगलात भूतकेस दाट वाढत नाही. एक झुडूप इथे, तर दुसरे बऱ्याच अंतरावर. त्यात पावसाळ्यातले ढगाळ दिवस आणि वर झाडांची सावली. लहान नारिंगी फूल हिरव्या काळोखात दुरून दिसत नाही. पांढरा झेंडा मात्र दिसतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील भूतकेसाचा याच दृष्टीने अभ्यास केला व तो २००३ साली प्रसिद्ध झाला. विरळ वाढणारे हे झुडूप परागणासाठी फुलपाखरांवर कसे अवलंबून आहे आणि त्यात या ठळक रंगखुणांचे काम काय, हा त्यांचा विषय होता. ब्लू मॉरमॉनसारखी मोठी, लांब सोंडेची फुलपाखरे या फुलांवर येतात. हे फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. मधमाशीची आखूड जीभ दोन-अडीच सेंटिमीटर खोल, अरुंद आणि तोंडाशी पिवळ्या लोकरीने भरलेल्या नळीच्या तळापर्यंत पोचत नाही.

दोन प्रकारची फुले

आता ब्लेडने फुलाची नळी उभी चिरा आणि भिंगातून पाहा. एका झुडपाच्या फुलात कुक्षी वर, नळीच्या तोंडाशी दिसेल आणि परागकोश खाली, नळीच्या आत असतील. दुसऱ्या एखाद्या झुडपाच्या फुलात बरोबर उलटे: परागकोश तोंडाशी आणि कुक्षी आखूड, आत दडलेली. एका झुडपावरची सगळी फुले मात्र एकाच प्रकारची असतात. पहिल्याला दीर्घकुक्षी आणि दुसऱ्याला ऱ्हस्वकुक्षी म्हणू. वनस्पतिशास्त्रात या घटनेला द्विरूपता म्हणतात. चार्ल्स डार्विनने प्रिम्युलाच्या फुलांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ती समजावून घेतली आणि १८७७ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कॉफीच्या कुलात अशा द्विरूपी प्रजाती इतर कोणत्याही कुलापेक्षा अधिक आहेत, हेही त्याने त्यात नोंदवले आहे.

या रचनेचा उपयोग काय तो फुलपाखराच्या सोंडेवरून कळतो. ऱ्हस्वकुक्षी फुलात परागकोश नळीच्या तोंडाशी असतात. फुलपाखराने सोंड आत घातली की पराग सोंडेच्या वरच्या भागाला, म्हणजे डोक्याजवळ चिकटतात. तेच फुलपाखरू दीर्घकुक्षी फुलावर गेले की तेथे कुक्षी नळीच्या तोंडाशी असल्याने सोंडेच्या नेमक्या त्याच भागाला लागते. उलट बाजूने, खालच्या परागकोशातले पराग सोंडेच्या टोकाकडे चिकटतात आणि आत दडलेल्या कुक्षीपर्यंत पोचतात. किल्ली आणि कुलूप यांच्या जोड्या जुळाव्यात तसे हे आहे. शिवाय बहुतेक द्विरूपी वनस्पतींत रासायनिक पहाराही असतो. स्वतःचे किंवा आपल्याच प्रकारच्या दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर पडले, तरी परागनलिका पुरेशी वाढत नाही आणि बीजधारणा होत नाही.

वर सांगितलेली अडचण नेमकी इथे आहे. समजा, एखाद्या शाळेने एका सुंदर फुललेल्या भूतकेसाच्या वीस फांद्या आणल्या, वीस कलमे केली आणि ती जगवली. वीस झुडपे झाली. पण जनुकांच्या हिशेबाने ते एकच झुडूप आहे. सगळी दीर्घकुक्षी, नाहीतर सगळी ऱ्हस्वकुक्षी. फुलपाखरे येतील, मध पितील, पराग इकडचे तिकडे नेतील आणि फळ धरणार नाही. ही बाग फुलांची असली तरी वांझच. रस्ता रुंद करताना एखाद्या टेकडीवरची झुडपे तुटून दोन-तीनच उरतात, तेव्हा जंगलातही हेच होऊ शकते. झुडपे हिरवी दिसतात, फुलतात, आपल्याला सारे ठीक वाटते. पण पुढची पिढी बंद झालेली असते.

थोडा हिशेब करू. निसर्गात दोन्ही रूपे साधारण निम्मी-निम्मी असतात असे धरा. न पाहता दोन वेगवेगळ्या झुडपांची कलमे आणली, तर ती दोन्ही एकाच रूपाची निघण्याची शक्यता १/२. चार झुडपांची आणली तर १/८, आणि सहा झुडपांची आणली तर १/३२. सूत्र कसे आले ते वहीत मांडून पाहा. दहावीच्या संभाव्यतेचे हे सरळ उदाहरण आहे. पण फुले चिरून पाहता येत असताना नशिबावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. पावसाळ्यात फुले असतानाच रूप ओळखा, दीर्घकुक्षी झुडपाला लाल दोरा आणि ऱ्हस्वकुक्षीला पांढरा दोरा बांधा आणि दोन्हींच्या फांद्या घ्या.

बियांचे तसे नाही. दोन भिन्न रूपांच्या संकरातून धरलेल्या एकाच फळातल्या बियांतून दोन्ही रूपांची रोपे निघतात, आणि साधारण सारख्या प्रमाणात निघतात. म्हणून वेळ लागला तरी बियांची बाजू जड आहे, असे माझे मत आहे. ज्यांना लवकर फुले पाहायची घाई आहे त्यांनी कलमे करावीत; ज्यांना झुडपांची वसाहत हवी आहे त्यांनी बी पेरावे. शाळेने दोन्ही करावे.

जागेची परीक्षा

भूतकेस जंगलाच्या काठाचे झुडूप आहे. गर्द सावलीत ते जगते पण फुलत नाही. उघड्या माळावर ते उन्हाळ्यात करपते. त्याला हवी ती चाळणीतून आल्यासारखी ऊन-सावली. पण 'थोडी सावली' म्हणजे किती? वडाखालची आणि शिरीषाखालची सावली सारखी नसते. फणस, आंबा, वड यांची पाने वर्षभर दाट. शिरीष, ऐन, काटेसावर यांच्याखाली उन्हाचे कवडसे भरपूर, आणि पानगळीत तर ऊनच ऊन.

यावर एक साधे मोजमाप सुचवतो. एक मीटर लांब-रुंद पांढरे कापड घ्या. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा, असे शंभर ठिपके समान अंतरावर काढा. हे कापड झाडाखाली ठरलेल्या जागी पसरा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता किती ठिपके उन्हात आहेत ते मोजा. तिन्हींची सरासरी काढा. शंभरांपैकी वीस ते पन्नास ठिपके उन्हात असतील तर जागा भूतकेसाला चांगली समजावी. पाच-सहाच असतील तर तेथे नेचे लावा. हे मोजमाप एकदा मे महिन्यात व एकदा ऑक्टोबरात करावे, कारण मधल्या काळात सूर्याची वाटही बदलते आणि झाडाची पालवीही.

कापडावर उन्हाचे कवडसे पडतील तेव्हा त्यांच्या आकाराकडे लक्ष द्या. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे बहुतेक गोल किंवा लंबगोल पडतात. प्रत्येक फट सूचीछिद्र कॅमेऱ्याचे काम करते आणि कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात झाडाखाली कोरींचा सडा पडलेला ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. ढगांनी वाट दिली तर हेच कापड बाहेर काढा. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका.

सावलीत केवळ प्रकाश कमी असतो असे नाही, तो निवडलेला असतो. वरच्या पानांनी तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतलेला असतो. हिरवा थोडा आणि आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा बराच खाली येतो. वनस्पतींत फायटोक्रोम नावाचे एक रंजकद्रव्य असते. तांबडा व अतितांबडा यांचे प्रमाण त्यावरून वनस्पतीला 'कळते'. तांबडा कमी पडला की अनेक वनस्पती खोड लांबवतात, पेरी लांब करतात, पाने पातळ ठेवतात. लावलेले भूतकेस वर्षभरात काठीसारखे उंच आणि विरळ झाले, तर ते जोमाने वाढते आहे असे समजू नका. ते प्रकाश शोधत आहे. वरच्या झाडाची एखादी आडवी फांदी कमी करा किंवा झुडूप काठाकडे हलवा.

बी, कलम आणि दाब

प्रथम एक नियम. जंगलातून झुडूप उपटून आणायचे नाही. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव वनांना १९२७ चा वन कायदा लागू आहे. देवराईतून काही नेऊ नये हे तर गावानेच ठरवलेले असते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मोठे झुडूप उपटले की त्याची बारीक तंतुमुळे तुटतात आणि ते बहुधा मरते. शेताच्या बांधावर, कोणाच्या परसात किंवा कुंपणात भूतकेस असते. मालकाला विचारून चार फळे आणि पाच-सहा काड्या घ्याव्यात. एका झुडपावरची सगळी फळे तोडू नयेत.

पावसाळा सरल्यावर फळे भरतात. ती लहान, मांसल, लांबट गोल असतात. बोटाने दाबून मऊ लागली की काढावीत, पाण्यात कुस्करावीत आणि फडक्यातून गाळावीत. राहील तो चोथा सावलीत वाळवून चुरला की खसखशीहून बारीक बी मिळते. एका फळात ते इतके असते की मोजणाऱ्याचा धीर सुटतो.

इतके बारीक बी खोल पेरणे ही सर्वांत सामान्य चूक. बियात साठा किती? अंकुराला मातीचा जाड थर फोडून वर येण्याइतका नाहीच. शिवाय अशा धुळीसारख्या पुष्कळ बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. म्हणून बारीक वाळू आणि चाळलेले पालाकुजाचे खत समभाग घेऊन पसरट कुंडी भरा, ती ओली करा, कोरड्या वाळूत बी मिसळून वरून नुसते भुरभुरवा. झाकू नका. वरून झारीने पाणी घालाल तर बी वाहून एका कोपऱ्यात जाईल. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा. केशाकर्षणाने पाणी खालून वर चढते. वर काच किंवा पातळ प्लॅस्टिक ठेवा आणि दिवसातून एकदा उघडून वारा द्या. वारा दिला नाही तर बुरशीने रोपमर होते. जमिनीलगत रोपाची मान काळी पडते आणि ते आडवे होते. उगवण एकदम होत नाही, मागेपुढे होते. तेव्हा पंधरा दिवसांत काही दिसले नाही म्हणून कुंडी ओतून टाकू नये. रोपांना चार खरी पाने आली की चमच्याच्या मागच्या टोकाने उचलून पिशव्यांत लावावीत.

कलमासाठी जून-जुलै उत्तम. फूल नसलेली, पेन्सिलीएवढी, निम्मी कठीण झालेली फांदी घ्या. १५ सेंटिमीटर लांब, तीन पेरांची. खालचा काप पेराच्या अगदी खाली. खालची पाने काढा, वरची निम्मी कापा. पाने ठेवली तर बाष्पोच्छ्वासाने पाणी जाते, आणि ते भरून काढायला मुळे अजून नाहीत. सगळी काढली तर अन्न तयार होत नाही. निम्मी हा मधला तोडगा. वाळूमिश्रित मातीत दोन पेरे गाडा आणि पिशवीने झाका. मुळे फुटण्यासाठी बाजारात जी संप्रेरकाची पूड मिळते ती वापरायची असेल, तर दहा काड्यांना लावा आणि दहांना लावू नका, नाहीतर तिचा उपयोग झाला की नाही हे कळणारच नाही. रानटी भूतकेसाच्या सगळ्या काड्या धरतील अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसरी पद्धत मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात काही मरत नाही. भूतकेसाच्या फांद्या लांब, लवचिक आणि शेजारच्या झाडावर रेलणाऱ्या असतात. पावसाच्या सुरुवातीला अशी एक खालची फांदी जमिनीपर्यंत वाकवा, पेराखाली सालीला तिरपी चीर द्या, तेवढा भाग मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. यालाच दाब कलम म्हणतात. मुळे येईपर्यंत आई पोसते. पावसाळ्याच्या अखेरीस माती हलकेच उकरून मुळे दिसली तरच फांदी तोडायची.

लावणी

पहिला चांगला पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लावणी करावी. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खड्डा काढू नका. झाडांची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हातभर थरातच पसरलेली असतात, आणि तेथे नव्या रोपाला त्यांच्याशी झगडावे लागते. बुंध्यापासून किमान दोन मीटर दूर, पालवीच्या कडेला, दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. कुदळीला अंगठ्याहून जाड मूळ लागले तर ते तोडू नये. खड्डाच बाजूला सरकवावा. काढलेल्या मातीत तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पालाकुजाचे खत मिसळून भरावे. ताजे शेण नको. दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर असावे आणि लाल दोऱ्याचे झुडूप व पांढऱ्या दोऱ्याचे झुडूप आळीपाळीने यावे.

झाडांखालची पाने झाडून, ढीग करून पेटवण्याची जी शिस्त आपल्या अनेक आवारांत आहे तिच्याविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ती पाने म्हणजे कचरा नव्हे. पुढच्या दोन वर्षांचे खत, गांडुळांचे अन्न आणि जमिनीवरचे पांघरूण आहे. जेथे पाने रोज झाडली जातात तेथे जमीन पायांखाली दगडासारखी होते आणि पावसाचे पाणी आत न मुरता वाहून जाते. रोपाभोवती चार बोटे जाडीचा पाचोळा पसरा, पण खोडाला लागू देऊ नका. तेथे सतत ओल राहून साल कुजते.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे दिले तर मुळे वरच राहतात. नंतर ते झुडूप आपले आपण निभावते.

छाटणीची वेळ चुकली तर फुले जातात. भूतकेसाचा फुलोरा नव्या फांदीच्या टोकाला येतो. पावसाच्या तोंडावर कुंपण 'नीट' दिसावे म्हणून कात्री चालवली की येणारे फुलोरेच तुटतात. फळे काढून झाली, की फेब्रुवारीच्या सुमारास जुन्या फांद्या एक-तृतीयांश कमी कराव्यात.

रोपवाटिकेत मुसेंडा मागितलात तर बहुधा गुलाबी किंवा पांढऱ्या झुबक्यांचे, भरगच्च झुडूप हाती पडेल. त्यातले बरेच प्रकार फिलिपाइन्समध्ये तयार झालेले. तेथील राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची नावे त्यांना दिलेली आहेत; 'दोन्या अरोरा' हे मान्युएल केसॉन यांच्या पत्नीचे नाव. यांत एकाऐवजी पाचही निदले मोठी झालेली असतात. दिसायला ते देखणे यात शंका नाही, परंतु ते बहुधा बी धरत नाहीत आणि कलमांवरच वाढवले जातात. झेंडेच झेंडे, निरोप मात्र काहीच नाही. रानातला एकझेंडी भूतकेस मागून घ्या.

फुले आल्यावर करायचे दोन प्रयोग

पहिला प्रयोग पांढऱ्या निदलाचा. एकाच झुडपावरच्या दहा फुलोऱ्यांची निदले काढायची आणि दहांची ठेवायची, असे प्रथम सुचते. पण ते चालणार नाही. शेजारच्या झेंड्यांना पाहून फुलपाखरू झुडपावर आलेच, तर ते झेंडा नसलेल्या फुलांवरही बसेल, आणि निदलाचा परिणाम दिसणार नाही. झेंडा दुरून बोलावण्यासाठी असेल तर तुलना दोन अलग झुडपांची व्हायला हवी. तरीही एक झुडूप मुळातच जास्त फुललेले असू शकते. म्हणून आधी तीन दिवस काहीही न करता दोन्ही झुडपांवर सकाळी नऊ ते दहा या वेळात येणारी फुलपाखरे मोजा. मग एकाची सर्व पांढरी निदले कात्रीने काढा, दुसऱ्याला हात लावू नका, आणि आणखी तीन दिवस मोजा. दुसरे झुडूप आपला नियंत्रक. पावसाचे दिवस वगळा, पण दोन्हींसाठी सारखेच वगळा.

दुसरा प्रयोग फळांचा. लाल दोऱ्याच्या झुडपावर वीस कळ्या निवडून त्यांना पातळ मलमलीच्या पिशव्या बांधा. फुले उमलल्यावर दहांच्या कुक्षीवर त्याच झुडपाचे पराग बारीक ब्रशने लावा आणि दहांवर पांढऱ्या दोऱ्याच्या झुडपाचे. प्रत्येक वेळी ब्रश स्पिरिटने पुसून वाळवा. पुन्हा पिशवी बांधा. फुलाची नळी गळून पडल्यावर तळाशी अंडाशय फुगतो की पिवळा पडून गळतो, हे आठवड्याने पाहायचे आहे.

या काळात काही पाने टोकाकडून खाल्लेली दिसतील. मधली शीर तेवढी शिल्लक आणि तिच्या टोकावर विष्ठेचे बारीक कण चिकटवलेले असतील, तर औषध फवारू नका. कमांडर या फुलपाखराची ती अळी आहे. भूतकेस हे तिच्या अन्नझाडांपैकी एक. लहानपणी ती त्या उघड्या शिरेवर निश्चल बसते आणि वाळक्या तुकड्यासारखी दिसते, त्यामुळे पक्ष्याच्या आणि आपल्याही नजरेतून सुटते. पाच-सहा पानांपलीकडे ती झुडपाचे नुकसान करत नाही. पिठ्या ढेकूण आले तर तेवढे फडक्याने पुसून काढावेत.

फळे मऊ झाली की दोन्ही प्रकारच्या दोऱ्यांची वेगवेगळी गोळा करा, पाकिटावर झुडपाचे रूप आणि तारीख लिहा आणि बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरा. त्या रोपांना फुले येतील तेव्हा प्रत्येकाचे एक फूल चिरून दीर्घकुक्षी किती आणि ऱ्हस्वकुक्षी किती ते मोजता येईल. सातवीच्या वर्गाने पेरले तर मोजणी होईपर्यंत ते विद्यार्थी वरच्या वर्गात गेलेले असतील. तेव्हा नोंदवही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावी, कोणा एकाच्या दप्तरात नको.